जुलाब घ्यायचा की व्हायचे?

विट्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या सासूबाई 'एरंडेलाचा जुल्लाब घेतला' म्हणतात, मुलगा 'मला जुलाब झाले' म्हणतो, आणि शिकलेली नणंद दोघांनाही हसते. तिच्या मते शब्दच गावंढळ, 'लूज मोशन' म्हणावं. तर शब्द मूळचा कुठला आणि बरोबर कोण?

आधी त्या लूज मोशनचा समाचार घेतो, कारण इतका वैताग मला दुसऱ्या कुठल्या शब्दाचा येत नाही. मिरजेतल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर जरा वेळ बसा. जत, शिराळा, कवठेमहांकाळ, सगळा जिल्हा तिथं येतो आणि जो तो 'लूज मोशन लागलंय' असंच सांगतो. अहो, 'मोशन' म्हणजे नुसती हालचाल! साहेबाला नाव घ्यायची लाज वाटली म्हणून त्यानं हालचालीवर भागवलं. आपल्याकडं ढाळ आहे, हगवण आहे, पोथीतला अतिसार आहे. एवढं घरात असताना साहेबाची लाज उसनी कशाला आणायची?

आता जुलाब. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. गंमत ही की जुलाब आणि गुलाब हा एकच शब्द आहे.

फारसीत 'गुल' म्हणजे फूल, विशेषतः गुलाबाचं, आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे 'गुलाब' हे मुळात फुलाचं नावच नव्हे, ते गुलाबपाण्याचं नाव. आपण ते फुलाला देऊन टाकलं आणि मग पाण्यासाठी शब्द उरला नाही म्हणून 'गुलाबपाणी' म्हणायला लागलो. त्यात पाणी दोनदा आलंय, पण असू दे. हा 'गुलाब' अरबांकडं गेला. ग्रांथिक अरबीत 'ग' नाही, त्यामुळं परका 'ग' आला की त्याचा बहुधा 'ज' होतो. फारसी 'गौहर' म्हणजे रत्न, अरबीत त्याचं 'जौहर' झालं, त्याचं अनेकवचन 'जवाहिर', आणि त्यावरून आपला जवाहिऱ्या. अरबीत 'प'ही नाही, म्हणून पारसीचं फारसी झालं. मराठीनं दोन्ही ठेवून घेतले: माणूस पारसी, भाषा फारसी. त्याच चालीनं गुलाबचं झालं 'जुल्लाब'.

तेव्हा त्याचा अर्थ होता गुलाबपाण्यात साखर घालून केलेला पाक. हकीम कडू औषध त्यातून पाजायचे. हा पाक लॅटिन आणि फ्रेंचमधून १४०० च्या सुमारास इंग्रजीत पोचला, तिथं त्याचं 'ज्यूलेप' झालं, अर्थ तोच, औषधासोबतचं गोड सरबत. पुढं अमेरिकेत त्यात दारू पडली. केंटकीतल्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीला लोक पुदिना घातलेलं 'मिंट ज्यूलेप' पितात, ते हेच. लेबनॉन-सीरियाकडं 'जल्लाब' नावाचं पेय आजही चवीनं पितात: द्राक्षाचा नाहीतर खजुराचा पाक, गुलाबपाणी, बर्फ आणि वरून बेदाणे. (आमच्या तासगावकरांनी इकडं लक्ष द्यावं.) तिकडं नोकरीला गेलेल्या सांगलीकरानं हॉटेलात हे नाव वाचून तोंड वाकडं करू नये एवढंच.

मग तोच शब्द आपल्याकडं येताना रेचक कसा झाला? हा बदल मराठीनं केलेला नाही. फारसी-उर्दूतही जुलाब म्हणजे रेचक, आपल्याकडं तो तयार होऊनच आला. कोशवाले म्हणतात, औषध ज्या पाकातून द्यायचे त्या पाकाचं नाव औषधाला चिकटलं. ठीक आहे, पण पाकातून तर शंभर औषधं देत होते. नेमकं रेचकालाच ते का चिकटावं? माझं म्हणणं असं की हा सभ्यपणाचा खेळ आहे. युनानी वैद्यकात रेचकाला स्वतःचा सरळ शब्द होता, 'मुसहिल'. पण नवाबसाहेबांना 'उद्या सकाळी पोट साफ करायचंय' असं तोंडावर कोण सांगणार? त्यापेक्षा 'उद्या सकाळी थोडं गुलाबाचं सरबत घ्यावं.' घेणाऱ्यालाही समजतं, देणाऱ्यालाही. आपल्याकडचंच बघा. 'शौच' म्हणजे संस्कृतात शुद्धता. 'परसाकडं' म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेकडं. दोन्ही शब्द किती निर्मळ होते आणि आता कुठं येऊन बसलेत! शिवाय गुलाबही या प्रकरणात अगदी निर्दोष नाही. गुलकंद (गुल अधिक कंद, म्हणजे साखर) आजही पोट साफ राहावं म्हणूनच खातात ना?

काही विद्वान मात्र मेक्सिकोला जातात. तिथं हालापा नावाचं शहर आहे, त्याच्या नावावरून 'जॅलप' ही मुळी, आणि ती जबरदस्त रेचक. इंग्रजी दवाखान्यांत तिची पूड असायची, म्हणून जुलाब हा जॅलपचा अपभ्रंश, असं ते छातीठोकपणे सांगतात. अहो महाराज, कोलंबस निघाला १४९२ साली. ती मुळी युरोपनं पाहिली त्यानंतर, आणि जुलाब हा शब्द अरबी वैद्यकात त्याच्या कित्येक शतकं आधीपासून आहे. नुसता उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही. त्या शहराचा खरा वारस हवा असेल तर पिझ्झ्यावरची हालापेन्यो मिरची बघा. 'जल' आणि 'आप' जोडून जुलाब संस्कृत ठरवणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

राहिला ताईंचा प्रश्न. सासूबाई आणि नातू दोघंही बरोबर आहेत, फरक वचनाचा आहे. जुलाब घेतला, दिला: एकवचन, ते औषध. जुलाब झाले, लागले: अनेकवचन, तो परिणाम. आयुर्वेदात घडवून आणतात ते विरेचन आणि आपोआप होतो तो अतिसार, असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण एकाच शब्दावर दोन्ही कामं टाकली आणि निवाडा क्रियापदावर सोपवला. क्रियापद नसलं की घोटाळा होतो. 'जुलाबाचं औषध द्या' म्हटल्यावर आमच्याकडचा औषधवाला विचारतो, 'व्हायचं का थांबायचं?' त्याला हसू नका, तो रास्त विचारतोय. 'जुलाब थांबायचं औषध' असं पूर्ण बोलावं, नाहीतर सरळ ढाळ म्हणावं, ढाळ कुणी मुद्दाम घेत नाही.

आणि 'जुल्लाब' असा जोर देऊन म्हणणं अडाणीपणाचं मुळीच नाही. अरबीत 'ल' दुहेरीच आहे. सासूबाईंचा उच्चार नणंदबाईंच्यापेक्षा बगदादला जवळचा आहे, हे त्यांना माझ्या वतीनं जरूर कळवा.