चार्टिस्टांचा अर्ज खोट्या सह्यांनी बुडाला का?

कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून ब्रिटनमध्ये सहा मागण्यांच्या सनदेसाठी (चार्टर) लढणारी ती चार्टिस्ट चळवळ. १८४८ मध्ये तिनं संसदेला दिलेल्या अर्जात खोट्या सह्या निघाल्या आणि चळवळ संपली, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. खोट्या सह्या होत्या. राणी व्हिक्टोरिया आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचीही नावं त्यात निघाली. पण गोष्ट तिथेच थांबवली तर त्या कामगारांवर अन्याय होतो.

१० एप्रिलला लंडनच्या केनिंग्टन कॉमनवर सभा झाली. पोलिसांनी मिरवणूक नदीपलीकडे जाऊ दिली नाही, म्हणून अर्ज भाड्याच्या घोडागाड्यांतून संसदेत न्यावा लागला. चळवळीचे नेते फर्गस ओकॉनर म्हणाले, सह्या ५७ लाख. तीनच दिवसांत संसदीय समितीनं सांगितलं, १९,७५,४९६. मोजायला तेरा कारकून आणि सतरा तास. भागाकार करून बघा, प्रत्येकानं मिनिटाला दीडशेच्या आसपास सह्या पाहिल्या! ओकॉनरनी आकडा फुगवला होता असं मलाही वाटतं, पण या मोजणीवर माझा विश्वास बसत नाही. एकाच अक्षरातल्या नावांवरही समितीनं बोट ठेवलं. लिहिता न येणाऱ्याचं नाव दुसऱ्यानं लिहायचं, ही तेव्हाची नेहमीची रीत होती. आणि समितीचाच आकडा धरला तरी तो तेव्हाच्या एकूण मतदारांपेक्षा मोठा भरतो.

मुख्य म्हणजे आधीचे दोन अर्ज विसरू नका. १८३९ चा, सुमारे १२.८ लाख सह्यांचा अर्ज संसदेनं २३५ विरुद्ध ४६ मतांनी विचारातच घेतला नाही. १८४२ मध्ये ३३ लाखांच्या वर सह्या होत्या, तोही २८७ विरुद्ध ४९. तेव्हा नकाराला खोट्या सह्यांचं कारण लागलं नव्हतं. आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाच्या टिपणासाठी माहीत असलेले मेकॉले त्या चर्चेत उघडच बोलले: सगळ्यांना मत दिलं तर मालमत्ता सुरक्षित राहणार नाही. खरी भीती ही होती.

सनदेतल्या सहा मागण्यांपैकी खासदारांसाठीची मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं, खासदारांना पगार १९११ मध्ये, सर्व प्रौढ पुरुषांना मत १९१८ मध्ये. यातलं बहुतेक बघायला चार्टिस्ट नेते विल्यम कफे नव्हते. गुलामाचा हा मुलगा, लंडनचा शिंपी; त्याला १८४८ मध्ये जन्मठेपेवर टास्मानियाला पाठवण्याची शिक्षा झाली. १८५६ मध्ये माफी मिळाल्यावरही तिथेच राहून ते कामगारांसाठी भांडत राहिले आणि १८७० मध्ये तिथल्या निराधारांच्या आश्रमात वारले.