कात टाकताना टॅरँट्युलाचा (मोठ्या केसाळ कोळ्याचा) एक पाय तुटला, परत येईल का?

हो, पण पुढची कात टाकल्यावरच. आधी तो बारीक, आखूड येतो. दोन-तीन काती झाल्या की बाकीच्यांएवढा भरतो. सांध्यातून सुटलेल्या पायाचा स्राव सहसा आपोआप थांबतो. मी सांगलीतच पाळतो. इथला मार्च ते मे कोरडा, अंगात पाणी कमी पडलं की जुनी कात पायाला चिकटून बसते. ती ओढू नका! पाण्याची वाटी भरलेली ठेवा. टॅरँट्युला उताणी पडली तर मेली समजून हलवू नका, कात टाकायची तीच पद्धत. कात टाकल्यावर तिचे पांढरे सुळे काळे होईपर्यंत झुरळ आत सोडू नका, मऊ अंग तेच कुरतडतं. मात्र पूर्ण वाढलेला नर सहसा पुन्हा कात टाकत नाही. त्याचा पाय परत येत नाही.