'शुड ऑफ' व्याकरणात शोधू नका

इंग्रजी चॅटमध्ये कुणी लिहिलेल्या 'आय शुड ऑफ कॉल्ड' (मी फोन करायला हवा होता) यातला 'ऑफ' कुठला, म्हणून दोन दिवस व्याकरणाची पुस्तकं चाळताय ना? बंद करा. तो 'शुड हॅव'च आहे. भरभर बोलताना त्याचं 'शुडव्ह' होतं, आणि इंग्रजांच्या तोंडी 'ऑफ'चा उच्चारही 'अव्ह'च असतो. मग जे ऐकलं तेच लिहिलं जातं. ही चूक आपल्यासारखे पुस्तकातून शिकलेले फारशी करत नाहीत, ज्यांची इंग्रजी मातृभाषा आहे तेच करतात. आपण नाही का 'आणि'ला सर्रास दीर्घ वेलांटी देत?

म्हणून शब्द अडला की आधी मोठ्याने वाचा. नाहीच लागला, तर कीबोर्डवर शेजारची अक्षरं बघा. कधी घोळ फोनचाही असतो. समोरचा 'डेफिनेटली'च्या (नक्की) जागी 'डिफायंटली येतो' म्हणाला, तर तो बंड करून येत नाहीये. स्पेलिंग चुकलं आणि फोनने भलताच शब्द बसवला, एवढंच.

'ओएमजी'ला ('ओ माय गॉड'ला) मात्र पोरकट म्हणू नका. १९१७ साली ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे!

'गॉना' (गोइंग टू), 'वॉना' (वॉन्ट टू) गप्पांत बिनधास्त वापरा. नोकरीच्या अर्जात नको.