नागपुरात नागनदीवरचा जुना पूल सुरुंग लावून एका रात्रीत का पाडत नाहीत?

पाडता येतो, पण सीताबर्डीसारख्या दाट वस्तीत ते परवडत नाही. म्हणून कापूनच काढतात. मी पुलांच्या कामावर साइट सुपरवायझर आहे. पुलाला खेटून घरं असतात, खालून पाण्याची नाहीतर गटाराची लाइन गेलेली असते, आणि सगळा मलबा पात्रात पडला की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबून वस्तीत शिरतं. त्यामुळे बांधलं त्याच्या उलट क्रमाने उतरवतात: आधी डांबर आणि कठडे, मग स्लॅब, मग गर्डर (स्लॅब पेलणाऱ्या आडव्या तुळया), शेवटी खांब.

दगडी कमानींचा पूल असेल तर जास्त जपावं लागतं. शेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला दोन्हीकडून रेटून धरतात. एक काढली की खांबावर एकतर्फी रेटा येतो आणि तो कलंडू शकतो. म्हणून आधी खालून टेकू देतात, नाहीतर दोन्ही बाजूंनी सारखं उतरवत नेतात.

वस्ती लांब असेल तर सुरुंग चालतो. तरी पुण्यात चांदणी चौकातला पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोटकांनी उडवला, तेव्हा उरलेला भाग पोकलेननेच फोडावा लागला होता.