आमोन ड्यूल ऐकून डोकं उठलं? थांब जरा

अरे पहिला घोळ मिटव, आमोन ड्यूल आणि आमोन ड्यूल टू हे दोन वेगळे जर्मन बँड आहेत. म्युनिकच्या एकाच कम्यूनमधून, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गटातून निघाले, पण ज्यांना धड वाजवता यायचं ते साधारण टू मध्ये गेले आणि नुसत्या आमोन ड्यूलमध्ये उरले ते हाताला जे लागेल ते बडवणारे. तू डायरेक्ट त्यांचा 1969 चा अल्बम सायकेडेलिक अंडरग्राउंड लावलास, मग काय होणार, माझंही तेच झालेलं, घरच्यांनी विचारलं मिक्सर बिघडलाय का.

त्यात सोलो नाहीत, सफाई नाही, गिटारची एकच रट, ढोलांचा धबडगा, मागे कोणीतरी ओरडतंय आणि मधेच टेप कापल्यासारखी. पण दहा मिनिटं तग धरलीस ना तर बँड ऐकतोय असं वाटतच नाही, त्या खोलीत जाऊन बसल्यासारखं वाटतं, मला आवडतं ते हेच. काहींना हा निव्वळ भंपकपणा वाटतो, आणि त्यांच्या डिझास्टर या अल्बमच्या बाबतीत मी पण त्यांच्याच बाजूने, त्याच जुन्या सेशन्सच्या उरलेल्या टेप्स 1972 मध्ये डबल एलपी करून काढल्या, कशाला एवढं.

तू आधी कॅन या दुसऱ्या जर्मन बँडचा 1971 चा अल्बम टागो मागो घे. तेही तासन्‌तास जॅमच करायचे, म्हणजे सुचेल तसं वाजवत बसायचे, पण त्यांचा बेसिस्ट होल्गर चुकाय नंतर टेप कापून जोडायचा, म्हणून ते बांधीव लागतं. मग आमोन ड्यूलचाच पॅराडीसवेर्ट्स ड्यूल, तो मवाळ आहे. अंडरग्राउंड शेवटी, आणि हेडफोनवर नको, स्पीकरवर लाव, भांडी घासताना वगैरे.