बीएस्सी नर्सिंगनंतर बेळगावात एमएस्सी करावं की नर्स प्रॅक्टिशनर? (आयसीयूचा अनुभव आहे)

कॉलेजात शिकवायचं असेल तर सरळ एमएस्सी: दोन वर्षं, बीएस्सीत किमान ५५ टक्के, नर्स म्हणून नोंदणी आणि वर्षभराचा अनुभव. आयसीयू सोडवत नसेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या देखभालीचा अभ्यासक्रम. तेही दोनच वर्षं, पण रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करतच शिकायचं. वर्गापेक्षा वॉर्डच जास्त. मात्र आपल्याकडे ही पदं अजून तुरळक आहेत, आणि स्वतंत्रपणे औषधं लिहून देता येतील या आशेवर जाऊ नका. काम रुग्णालयाच्या प्रोटोकॉलनुसारच चालतं. प्रवेशाआधी ‘हुद्दा काय, पगार किती’ हे रुग्णालयातच विचारा.

आणि बीएस्सी कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची असते. कर्नाटकात ती बदलून घ्यावी लागते. त्यासाठीच्या एनओसीला (ना हरकत दाखल्याला) वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच टाका.