फॉरवर्डर म्हणजे हुंडेकरी

प्रश्न : 'फ्रेट फॉरवर्डर'ला मराठीत 'जहाज कंपनी' म्हणावं की 'वाहतूकदार'?

दोन्ही नको. "फॉरवर्डरच्या जहाजातून द्राक्षं गेली" हे वाक्य वारंवार कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. फॉरवर्डरकडे जहाज नसतं. तो जहाज कंपनीकडून जागा घेतो आणि नाशिकच्या पॅकहाउसपासून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत सगळं जुळवून आणतो. 'अग्रेषण अभिकर्ता' असं शब्दशः भाषांतर सुचवणारे चुकतात, कारण या धंद्याला मराठीत आधीपासून नाव आहे : हुंडेकरी.

लग्नातला हुंडा बाजूला ठेवा. बाजारातला हुंडा म्हणजे माल पोहोचवण्याचा उक्ता करार. भाडं, वाटेवरच्या जकाती, सगळं धरून एकच आकडा. तो करार घेणारा हुंडेकरी. रेल्वेच्या मालधक्क्यावर हा शब्द रुळलेला आहे, आडनावातही टिकलाय. मूळ मला धातुपाठातल्या, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीतल्या, 'हुडि संघाते'मध्ये दिसतं. संघात म्हणजे एकत्र येणं, गोळा होणं. हुंडी (पैसे देण्याची व्यापारी चिठ्ठी), हुंडा, हुंडेकरी या तिघांतही सुट्या रकमांची एक मोट बांधलेली आहे, केवढं सुंदर! हुंडीला 'हिंदवी'शी जोडणाऱ्यांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. मालवाहतुकीच्या हुंड्याचा उलगडा त्यातून होतच नाही.

फॉरवर्डरही असाच एक आकडा देतो : ४० फुटी रीफर (शीत कंटेनर), ट्रेलर, बंदरातली हाताळणी, समुद्रभाडं. जहाज कंपनी मास्टर बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल घेतल्याची पावती) काढते, त्यावर शिपर म्हणजे माल पाठवणारा म्हणून फॉरवर्डरचं नाव असतं. निर्यातदाराला तो स्वतःचं हाउस बीएल देतो. ते दिलं की माल पोहोचवण्याची जबाबदारी त्याची. नुसतं बुकिंग करून कमिशन घेतलं आणि मास्टर बीएल थेट निर्यातदाराच्या नावे निघालं, तर तो अडत्या. हा फरक कळला नाही की घोळ होतो : रॉटरडॅमचा खरेदीदार हाउस बीएल घेऊन जहाज कंपनीकडे जातो आणि कंटेनर सुटत नाही. हाउस बीएल फॉरवर्डरच्या तिथल्या एजंटाकडे द्यावं लागतं. त्याने मास्टर बीएलवर कंटेनर सोडवला की डिलिव्हरी. तोवर फ्री डेज म्हणजे बिनभाड्याचे दिवस संपले तर डेमरेज (कंटेनर बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढतं, रीफरच्या विजेचे पैसे वेगळे.

सीएचए (कस्टम हाउस एजंट) आणखी वेगळा. तो कस्टम्सकडे शिपिंग बिल म्हणजे निर्यातीचा अर्ज भरून लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर नेण्याची परवानगी, मिळवतो. २०१३ पासून नियमांत त्याचं नाव कस्टम्स ब्रोकर आहे, बाजार मात्र अजून सीएचएच म्हणतो. त्याला हुंडेकरी म्हणू नये.